तापले हे खरे, पण तापवले कोणी?

२०२५ साली पाऊस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच गोव्यात येऊन उभा राहिला आणि पुष्कळ घरांतले पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, अर्धेच राहिले. कोकमाची सोले अजून अंगणात होती, मिरच्या पुरत्या कडकडीत वाळल्या नव्हत्या, आणि सुक्या मासळीची बेगमी करायची म्हणून राखून ठेवलेला रविवार पावसातच गेला. त्या दिवसांत बाजारात, बसमध्ये, देवळाच्या सोप्यावर एकच वाक्य कानांवर पडे : ‘हवामान बदल म्हणतात तो हाच.’

काही दिवसांनी आमच्या गावच्या वाचनालयात या विषयावर बोलण्याची वेळ माझ्यावर आली. मी आकडे सांगितले, आलेख दाखवले आणि खाली बसणार तोच मागच्या रांगेतले एक निवृत्त मास्तर उठले. ते म्हणाले, “उष्मा वाढला हे मला पटवू नका, माझ्या घामाने ते मला केव्हाच पटवले आहे. तो आम्ही वाढवला हे कशावरून, ते सांगा. सूर्यच अधिक तापत नसेल कशावरून?” प्रश्न रास्त होता आणि त्या दिवशी दिलेले माझे उत्तर तोकडे होते. तापमापक चोरी झाल्याचे सांगतो, चोराचे नाव सांगत नाही. ते नाव शास्त्रज्ञांनी कोणत्या खुणांवरून काढले, हे मी तेव्हा सांगायला हवे होते. ते आता सांगतो.

लवकर आलेला पाऊस हा पुरावा नव्हे

आधी एक घोळ दूर केला पाहिजे, आणि तो आपल्या भाषेचाच आहे. आज दुपारी पाऊस पडेल का, यालाही आपण हवामान म्हणतो आणि एखाद्या प्रदेशाच्या दीर्घकाळच्या स्वभावालाही हवामानच म्हणतो. पहिल्या अर्थासाठी मी येथे ‘रोजची हवा’ असा शब्द वापरतो. हवामान म्हणजे त्या रोजच्या हवेची, रूढ पद्धतीप्रमाणे तीस वर्षांची, सरासरी. २०२५ साली मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी पोहोचला, आणि २००९ नंतर तो इतक्या लवकर आला नव्हता, ही रोजच्या हवेची बातमी झाली. अशी वर्षे अधूनमधून येतातच. एका वर्षाच्या पावसावरून हवामान बदल सिद्ध करणारा आणि एका थंड जानेवारीवरून तो खोटा ठरवणारा, हे दोघे एकच चूक करतात.

दीर्घ काळाच्या सरासऱ्या मांडल्या की चित्र स्थिर होते. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ हे वर्ष तर सुमारे १.५५ अंशांनी अधिक तापलेले, म्हणजे मोजमापे सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. भारताच्या भूभागाचे तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले, असे केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात नोंदले आहे. आपल्याकडची वाढ जगाहून कमी दिसते, आणि त्याचे एक कारण आपल्या आकाशातील धूळ-धुराचे मळभ आहे. ते सूर्यप्रकाश थोडा अडवते. एका प्रदूषणाने दुसऱ्याचा परिणाम काही अंशी झाकला आहे, त्यात समाधान मानण्यासारखे काही नाही.

पृथ्वीवरची वाकळ

सूर्याची बरीचशी ऊर्जा आपल्यापर्यंत उजेडाच्या रूपाने पोहोचते. वातावरण तिला फारसे अडवत नाही. तिने जमीन आणि समुद्र तापतात व तीच ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांनी, म्हणजे अवरक्त किरणांनी, परत आकाशाकडे निघते. रात्री उशिरापर्यंत अंगणातल्या चिऱ्यांची ऊब तळपायांना लागते ती याच किरणांमुळे. वातावरणाचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा असतो. हे वायू अवरक्त किरणांना वाट देतात. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन मात्र ते किरण शोषतात व पुन्हा चहूकडे, अर्थात खालीही, सोडतात. अशा वायूंना हरितगृह वायू म्हणतात. शब्द तितकासा बरा नाही, कारण काचेचे हरितगृह मुख्यत्वे वारा अडवून ऊब राखते. वाकळीची उपमा मला अधिक जवळची वाटते. वाकळ स्वतः उष्णता निर्माण करत नाही, अंगची ऊब बाहेर जाण्याची गती तेवढी कमी करते.

ही वाकळ नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असते. प्रत्यक्षात ते अधिक १५ अंशांच्या आसपास आहे. वाकळ असावी की नसावी हा वाद नाही, तिचे पदर वाढत चालले आहेत ही चिंता आहे.

हे ज्ञान अलीकडच्या राजकारणातून जन्मले असे अनेकांना वाटते. आपल्याकडे १८५७ चा उठाव होण्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतील यूनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वाधिक तापले आणि निवायला सर्वाधिक वेळ लागला. सूर्याचे किरण आणि जमिनीतून उठणारे अवरक्त किरण हा भेद त्यांच्या साधनांना करता येत नव्हता. तो १८५९ पासून जॉन टिंडल यांनी लंडनमध्ये काळजीपूर्वक केला. १८९६ साली स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी कागद-पेन्सिलीने हिशेब मांडला की हवेतला हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच ते सहा अंशांनी तापेल. आजचा अंदाज त्याहून कमी, बहुधा अडीच ते चार अंश, असा आहे. पण दिशा तीच आहे.

इतक्याशा वायूने काय होणार?

हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे रेणू २०२४ साली सुमारे ४२४ होते, म्हणजे शेकडा ०.०४ हून थोडे अधिक. एवढ्याशा वायूने पृथ्वी तापते हे पटायला जड जाते. पण धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांसाठी दहा लिटरच्या बादलीत आपण नीळ किती घालतो? याच प्रमाणाने घालायची झाली तर जेमतेम चार मिलिलिटर, चहाच्या चमच्याहून कमी, आणि बादलीचा रंग पालटतो. रंगाच्या कामी बादलीतल्या पाण्याचा वाटा शून्य असतो, म्हणून ते किती आहे याला महत्त्व नाही. नायट्रोजन-ऑक्सिजनचे तसेच आहे. उष्णता अडवण्याच्या कामात ते नाहीतच, म्हणून कामातल्यांची संख्या थोडी असली तरी तिच्यातली वाढ मोठी ठरते.

बर्फातले बेबिंक

वाढ झाली हे म्हणायला पूर्वीचा आकडा हवा. १९५८ साली चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ या पर्वतावर रोजची मोजणी सुरू केली. कारखाने आणि शहरे तेथून दूर. तेव्हा आकडा सुमारे ३१५ होता. त्यांच्या आलेखात दरवर्षी एक चढ व एक उतार दिसतो, कारण उत्तर गोलार्धातील झाडे उन्हाळ्यात हा वायू ओढून घेतात आणि पानगळीनंतर तो परत सोडतात. पण प्रत्येक वर्षीचा चढ आदल्या वर्षीच्या चढाच्या वर जातो. कीलिंग गेले, मोजणी चालूच आहे.

१९५८ च्या आधीचे काय? त्याचे उत्तर अंटार्क्टिकाच्या बर्फात आहे, आणि या बाबतीत गोव्याचे स्थान अनपेक्षित आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली. आज वास्कोच्या सडा टेकडीवर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. तेथे ध्रुवीय बर्फाचे गाभे, म्हणजे उभे खणून काढलेले बर्फाचे लांब दंडगोल, शून्याच्या खूप खाली ठेवलेल्या शीतकक्षात राखून अभ्यासले जातात. बाहेर वास्कोची घामट दुपार आणि भिंतीपलीकडे जाड कोट घालून बर्फ कापणारी माणसे, असे ते ठिकाण आहे.

बर्फाचा गाभा समजून घ्यायला बेबिंक, म्हणजे गोव्याची थराथरांची मिठाई, डोळ्यांसमोर आणावे. पहिला थर ओतून वरच्या निखाऱ्यांवर भाजायचा, मग त्यावर दुसरा, मग तिसरा. सर्वांत जुना थर तळाशी आणि प्रत्येक थराची वेळ ठरलेली. अंटार्क्टिकावर दरवर्षीचा हिमवर्षाव असाच आदल्या वर्षीच्या थरावर बसतो. वरच्या भाराने खालचे भुसभुशीत हिम दाबले जाऊन त्याचा घट्ट बर्फ होतो, आणि होता होता कणांमधली हवा बारीक बुडबुड्यांत कोंडली जाते. ती हवा त्या काळची असते. प्रयोगशाळेत असा तुकडा निर्वात भांड्यात फोडला की त्या काळची हवा सुटते व तिच्यातला कार्बन डायऑक्साइड थेट मोजता येतो. त्यात कोणत्याही संगणकाचे अनुमान नसते.

युरोपीय शास्त्रज्ञांच्या पथकाने अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात तीन किलोमीटरहून खोल खणून आठ लाख वर्षांचे असे बेबिंक बाहेर काढले. त्या साऱ्या काळात हा आकडा साधारण १८० ते ३०० यांच्यामध्ये खालीवर होत राहिला. औद्योगिक क्रांतीच्या आधी तो २८० च्या आसपास होता. आज तो ४२० च्या पुढे आहे, आणि आठ लाख वर्षांच्या कुठल्याही थरात त्याच्या जवळपास जाणारी हवा सापडलेली नाही.

हा धूर आमच्याच चुलीतला कशावरून?

मास्तरांच्या प्रश्नाचा गाभा येथे आहे. वायू वाढला, पण तो समुद्रातून, ज्वालामुखीतून किंवा कुजणाऱ्या जंगलांतून आला नसेल कशावरून? अनेक लेखांत हा भाग एका वाक्यात उरकला जातो, आणि मला वाटते शंका तिथेच शिल्लक राहते.

कार्बनचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात. बहुतेक अणू कार्बन-१२ या हलक्या प्रकारचे असतात, शंभरात सुमारे एक जरा जड कार्बन-१३ चा असतो, आणि फार विरळा असा कार्बन-१४ असतो, जो किरणोत्सारी आहे. एकाच मूलद्रव्याच्या या प्रकारांना समस्थानिके म्हणतात. वनस्पतींना अन्न तयार करताना हलका कार्बन-१२ अधिक सोयीचा पडतो, त्यामुळे वनस्पतीत आणि वनस्पतीपासून बनलेल्या प्रत्येक गोष्टीत कार्बन-१३ चे प्रमाण थोडे कमी असते. कार्बन-१४ वातावरणाच्या वरच्या भागात सतत तयार होतो, जिवंत झाडे तो घेत राहतात, आणि झाड मेल्यावर दर ५,७३० वर्षांनी त्यातला निम्मा नाहीसा होतो. पन्नास हजार वर्षांनी तो जवळपास उरतच नाही.

मासळी बाजारात इसवण घेताना आपण कल्ला उचलून पाहतो. माशाची जात अंगावरून ओळखतो आणि ताजेपणा कल्ल्यावरून. कार्बन-१३ वरून कार्बनची जात, म्हणजे तो वनस्पतीतून आला की नाही, हे कळते आणि कार्बन-१४ हा त्याचा कल्ला आहे, त्यावरून तो ताजा की पुरातन ते कळते. आता एकेका संशयिताला तपासता येते. जंगले जळून किंवा कुजून हा वायू आला असता तर कार्बन-१३ घटला असता, पण कार्बन-१४ पूर्वीइतकाच राहिला असता, कारण झाडे ताजी आहेत. ज्वालामुखीतून आला असता तर कार्बन-१४ घटला असता, पण कार्बन-१३ घटला नसता, कारण ज्वालामुखीचा कार्बन वनस्पतीतून आलेला नाही. समुद्रातून आला असता तरी कार्बन-१३ ची अशी घट झाली नसती. शिवाय समुद्रातला कार्बन कमी व्हायला हवा होता, आणि तो तर वाढतो आहे व पाणी हळूहळू आम्लतेकडे झुकते आहे. दोन्ही समस्थानिके एकदम घटतील असा संशयित एकच उरतो : वनस्पतीपासून बनलेला आणि लाखो-कोट्यवधी वर्षे जमिनीत पुरलेला कार्बन, म्हणजे कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू. वातावरणात दोन्ही समस्थानिके घटलेली आढळली. कार्बन-१४ ची घट हान्स स्यूस यांनी झाडांच्या वार्षिक कड्यांतून १९५५ सालीच दाखवली होती. त्यानंतरच्या अणुचाचण्यांनी तो तात्पुरता बेसुमार वाढवला, म्हणून जुनी लाकडे या कामी मोलाची ठरतात.

दुसरी खूण ऑक्सिजनची. काहीही जळताना ऑक्सिजन खर्च होतो, तर समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून वायू नुसता बाहेर पडला तर होत नाही. कीलिंग यांचे पुत्र राल्फ कीलिंग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हवेतला ऑक्सिजन अत्यंत बारकाईने मोजण्याची रीत बसवली, आणि तो घटतो आहे असे दिसले. घट इतकी अल्प आहे की श्वासाला तिने काही फरक पडत नाही, पण ज्वलनाची पावती म्हणून ती पुरेशी आहे.

तिसरा पुरावा साध्या जमाखर्चाचा आहे. माणूस इंधने जाळून वर्षाला ३७ अब्ज टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि जंगलतोड वगैरे धरून तो आकडा चाळिशीच्या पुढे जातो. हे सगळे हवेतच राहिले असते तर दर दहा लाखांमागचा आकडा वर्षाला सुमारे पाचने वाढला असता. प्रत्यक्षात तो सरासरी अडीचने वाढतो. उरलेला समुद्र आणि झाडे गिळतात. समजा तुम्ही दरमहा खात्यात पाच हजार भरता आणि शिल्लक अडीच हजारांनीच वाढते. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर त्याच खात्यातून शेकडो व्यवहार होत असतील, तरी एकंदरीत तो भरतो आहे की काढतो आहे हे सांगायला पासबुक पुरते. तो काढतो आहे. निसर्गातून दरवर्षी आपल्या कितीतरी पटींनी अधिक कार्बनची देवघेव होते हे खरे, पण तिचे घेणे देण्याहून अधिक आहे. ज्या निसर्गाने खात्यातून पैसे काढले, त्याच्यावर शिल्लक वाढवल्याचा आरोप कसा ठेवणार?

मग सूर्याचे काय?

वायू आपला, हे झाले. तापमानवाढही त्याच वायूची कशावरून? सूर्यावरचा संशय नैसर्गिक आहे, म्हणून १९७८ पासून उपग्रह त्याच्यावर नजर ठेवून आहेत. सूर्याचे तेज सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने एक दशांश टक्क्याच्या आसपास खालीवर होते. गेल्या चार-साडेचार दशकांत त्यात चढता कल आढळत नाही आणि पृथ्वी मात्र नेमकी याच काळात वेगाने तापली.

याहून निर्णायक खूण आकाशात आहे. आपण राहतो त्या वातावरणाच्या खालच्या थराला तपांबर म्हणतात आणि त्याच्या वरच्या थराला स्थितांबर. सूर्य अधिक तापला असता तर दोन्ही थर तापले असते. वाकळ जाड झाली तर मात्र खाली ऊब वाढते आणि वरची बाजू अधिक थंड होते. (उपमा पूर्ण जुळत नाही, वरच्या विरळ हवेत हा वायू उष्णता अवकाशाकडे फेकण्याचे काम अधिक करतो, हे खरे कारण.) स्यूकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ साली, उपग्रहांची मोजमापे सुरू होण्याच्या कितीतरी आधी, हिशेबाने सांगितले होते की खाली तापेल आणि वर निवेल. पुढे उपग्रहांना तसेच आढळले. स्थितांबराच्या खालच्या भागातील घसरणीत ओझोन घटल्याचाही हात आहे, पण वरच्या भागातील थंडी मुख्यतः कार्बन डायऑक्साइडची आहे. मानाबे यांना २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ते त्यांनी क्लाउस हासेलमान आणि जॉर्जो पारिसी यांच्यासोबत वाटून घेतले, आणि हासेलमान यांचे काम तर या ‘बोटांच्या ठशां’चेच होते, म्हणजे सूर्य, ज्वालामुखी आणि माणूस यांच्या परिणामांचे वेगवेगळे नकाशे मोजमापांच्या गर्दीतून कसे ओळखावेत याचे.

आणखी एक मोजमाप सांगतो. १९७० आणि १९९७ साली दोन उपग्रहांनी पृथ्वीतून बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांचा वर्णपट नोंदला होता. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा बाहेर जाणाऱ्या किरणांतली घट कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन जे रंग शोषतात नेमक्या त्याच रंगांत दिसली.

ज्वालामुखींचे थोडक्यात : ते जितका कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या उत्सर्जनाच्या शंभरांश भागाहूनही कमी आहे. मोठा उद्रेक उलट पृथ्वीला निववतो. फिलिपाइन्समधील पिनातुबो १९९१ साली फुटला तेव्हा त्याच्या सूक्ष्म कणांनी ऊन अडवून पृथ्वीचे तापमान वर्ष-दोन वर्षे सुमारे अर्ध्या अंशाने खाली आणले होते.

हवामान पूर्वीही बदलत होतेच की

होते. हिमयुगे आली आणि गेली, आणि तेव्हा कोणाकडे मोटार नव्हती. पृथ्वीची कक्षा आणि तिच्या आसाचा कल हजारो वर्षांच्या चक्रांनी बदलतो, त्याने ऊन कुठे किती पडते ते बदलते आणि हिमयुगाची किल्ली तेथे फिरते. पुढे समुद्रातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड त्या बदलाला जोर देतो. पण ही चक्रे संथ आहेत. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरातून आजच्या उबदार काळापर्यंत यायला पृथ्वीला दहा हजार वर्षांच्या आसपास लागली आणि त्यात ती चार-सहा अंशांनी तापली. आपण दीडशे वर्षांत एका अंशाहून पुढे गेलो आहोत.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि परिसरात वणवे लागले तेव्हा आग कशी लागली, कोणी लावली, याची चौकशी व्हावी असे सगळ्यांनाच वाटले. जंगलांत आगी पूर्वीपासून लागतात, मग चौकशी कशाला, असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

उद्याचा पाऊस चुकतो, मग शंभर वर्षांचे कसे सांगता?

पहिला पाऊस कोणत्या तारखेला येणार हे गोव्यातल्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक नसते, तरीही ती एप्रिल-मे महिन्यांत पुरुमेंत भरते, कारण जून-जुलै कसे असणार याविषयी तिच्या मनात शंका नसते. तारीख सांगणे हे रोजच्या हवेचे काम आणि मोसम सांगणे हे हवामानाचे. दुसरे काम पहिल्याहून सोपे असते.

संगणकीय प्रारूपे, म्हणजे वातावरणाचे नियम गणितात मांडून चालवलेली पृथ्वीची प्रतिकृती, सर्वच बाबतींत अचूक नाहीत. ढगांचे वागणे त्यांना अजूनही त्रास देते, आणि एखाद्या तालुक्यात किती इंच पाऊस पडेल हे ती सांगू लागली तर मी स्वतः जपून ऐकेन. पण जागतिक सरासरीच्या बाबतीत त्यांची परीक्षा झालेली आहे. एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेले अंतर्गत अंदाज पुढच्या चाळीस वर्षांच्या तापमानाशी चांगले जुळले. त्या शास्त्रज्ञांना तेलविरोधी म्हणणे कठीण आहे.

शहरांतील काँक्रीटमुळे तापमापक फसतात, असेही विचारले जाते. पणजी-मडगावच्या इमारती उष्णता धरून ठेवतात हे खरेच आहे, पण समुद्रावर काँक्रीट नाही आणि तोही तापतो आहे. किंबहुना अडकलेल्या जादा उष्णतेतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रानेच पोटात घेतला आहे.

गोव्याच्या बांधावर

१९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराचा पृष्ठभाग सरासरी एक अंशाने तापला. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि तेच बाष्प पुढे मुसळधार होऊन कोसळते. तापलेले पाणी वादळांचेही इंधन आहे. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये सुमारे ५२ टक्क्यांनी वाढल्याचे अभ्यासात आढळले. १६ मे २०२१ रोजी तौक्ते किनाऱ्याला लागून उत्तरेकडे गेले तेव्हा उन्मळलेली झाडे आणि आडवे झालेले विजेचे खांब आपण पाहिलेच. एकटे तौक्ते हवामान बदलाने आणले असे म्हणता येत नाही, ते ज्या पाण्यावर पोसले गेले ते पाणी तापलेले होते इतके म्हणता येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक दरड आणि प्रत्येक पूर या खात्यावर लिहिणे मला मान्य नाही. डोंगरकापणी केली, सखल शेतांत मातीचा भराव घातला, नाले बुजवले आणि मग पाणी घरात शिरले, तर त्याला जबाबदार कोण हे शोधायला अंटार्क्टिकाला जावे लागत नाही. अधिकाराच्या जागी बसलेल्यांना हल्ली ‘हवामान बदल’ हे उत्तर फार सोयीचे झाले आहे.

खाजन शेतांची गोष्ट निराळी, कारण तेथे दोन्ही गोष्टी एकाच बांधाला येऊन भिडतात. खाजन म्हणजे खाडीलगतची, बांध घालून समुद्राकडून मागून घेतलेली जमीन, आणि त्या बांधात बसवलेली मानस हे तिचे दार. मानशीच्या लाकडी झडपा एकाच बाजूला उघडतात. भरतीला बाहेरचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने त्या मिटतात आणि खारे पाणी बाहेर राहते. ओहोटीला बाहेरचे पाणी आतल्याहून खाली गेले की आतला दाब त्यांना ढकलतो आणि शेतातले पावसाचे पाणी खाडीत निघून जाते. यंत्र नाही, वीज नाही, चंद्राच्या घड्याळावर ती चालते.

उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटर या गतीने वाढली. तीच गती राहिली तर तीस वर्षांत दहा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीएवढी. बांध उंच करून तेवढे पाणी थोपवता येईल, पण मानशीचे दार बांधाच्या उंचीवर चालत नाही. ओहोटीचे पाणी तासाला साधारण वीतभर उतरते असे धरले, तर अर्ध्या वितीच्या फरकाने दार सुमारे अर्धा तास उशिरा उघडेल आणि भरतीला तितकेच लवकर मिटेल. दिवसाला दोन ओहोट्या, प्रत्येकीतला जवळजवळ एक तास कमी. एप्रिलमध्ये हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. जुलैमध्ये, वरून पाऊस चालू असताना आणि आत कोरगूट भात पाण्यात उभे असताना, मानस सांभाळणाऱ्याच्या ध्यानात ते सर्वांत आधी येईल.